रामिरो लोउसाओ कुठल्या गावचा?

१

‘एल बिहिया’ या आमच्या गावच्या जुन्या दैनिकाच्या १९४९ सालच्या बाडातून एक ताव नाहीसा झाला होता. गावच्या ग्रंथालयातल्या वर्तमानपत्रांच्या दालनात मी उभं आयुष्य काढलंय, त्यामुळे चोऱ्यांचं मला नवल नाही. कुणी बेसबॉलपटूचा फोटो ब्लेडने कापून नेतं, कुणी बिअरची रंगीत जाहिरात सदऱ्याखाली घालून पळवतं. पण मेलेल्या माणसांच्या बातम्या कुणी चोरल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मारिसेलने ते बाड माझ्या टेबलावर आणून आदळलं.

“नेलिदा, माझ्या आजोबांचं पान कुठंय?”

“आदळू नकोस. तुझ्यापेक्षा वयाने मोठं आहे ते.”

“अठरा मार्चला गेले ते. एकोणीसचा अंक बघ. अर्धा अंक आहे, अर्धा नाही. आता मी हवानाच्या वकिलातीत काय दाखवू, माझं नाक?”

तिचा संताप मला कळत होता. स्पेनने नवा कायदा केला होता: आजा स्पेनचा असेल तर नातवंडांना तिथलं नागरिकत्व. तेव्हापासून सगळ्या क्यूबाला एकाएकी आपले आजोबा आठवायला लागले होते. ज्यांनी जन्मात पेपर हातात धरला नाही ते सकाळी माझ्या दाराशी रांग लावून उभे राहायचे. आजोबांचा जन्मदाखला स्पेनमधल्या त्यांच्या गावाहून मागवावा लागतो, आणि तिथेच सगळ्यांचं घोडं अडायचं. इथल्या सरकारी दप्तरात नुसतं ‘जन्म गालिसियात’ एवढंच. गालिसियात खेडी किती? पण जुन्या पेपरात निधनाची काळी चौकट छापून यायची, आणि तिच्यात माणसाचं मूळ गाव हमखास असायचं. त्या गावच्या मंडळींचा संघच अंत्ययात्रेचं आमंत्रण द्यायचा.

मारिसेलची नोव्हेंबरची तारीख लागली होती. ती हुकली तर पुन्हा तारीख मिळायची आशा नव्हती. शेहेचाळिशीची बाई; नवरा सोडून गेलेला, मूल नाही, दिवसभर पोस्टाच्या खिडकीत बसून लोकांची बोलणी खायची. या तारखेवर तिने सगळा जीव टाकला होता.

“आई, तू तरी आठव ना काहीतरी,” ती खिडकीकडे वळून म्हणाली.

खिडकीशी तिची आई आम्पारो क्रोशाचं विणकाम घेऊन बसली होती. ती रोज लेकीबरोबर यायची, थर्मासमधून सगळ्यांना कॉफी पाजायची आणि संध्याकाळी तिच्याबरोबरच परत जायची. गावातल्या निम्म्या बायकांच्या लग्नाचे झगे तिच्या हातचे, माझाही.

“काय आठवू, बाळ? बाबा गावाचं नाव कुठे घ्यायचे? तिथे पाऊस फार पडतो, एवढंच सांगायचे.”

मारिसेलने कपाळावर हात मारून घेतला. शेजारचं दुसऱ्याच कुणाचं बाड उघडं होतं. त्यातल्या एका काळ्या चौकटीवर तिची नजर पडली.

“आणि हे काय? ‘दुसरे वर्ष’? मेलेला माणूस दर वर्षी मरतो की काय?”

“तुला नाही कळायचं ते,” मी म्हणाले. “तुमच्या वेळेला हे सगळं बंद झालं होतं.”

तेवढ्यात कोपऱ्यातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाल्दोमेरो उठला होता. तोंडात न पेटवलेला चिरूट, डोळ्यांवर भिंगासारखा जाड चष्मा. पोलीस खात्यात तपासनीस होता. निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे येऊन जुन्या खुनांच्या बातम्या वाचतो आणि खरा खुनी कोण होता ते मला सांगतो. मी ऐकत नाही, तरी सांगतो.

त्याने १९४९ चं बाड उचललं, उजेडाकडे नेलं आणि बराच वेळ त्याच्या पाठीत डोकं खुपसून बसला.

“नेलिदा,” तो शेवटी म्हणाला, “हे पान कुणी फाडलं नाही आणि कापलंही नाही. मग ते निघालं कसं?”

२

निघालं होतं ते असं. आमची बाडं जाड दोऱ्याने शिवलेली असतात. ज्या टाक्यांनी तो ताव धरला होता, तेवढेच टाके कुणीतरी उसवले होते. ताव अलगद ओढून काढला होता. मग बाकीची पानं सुटू नयेत म्हणून दोऱ्याच्या टोकांना गाठ मारली होती.

“चोर सभ्य आहे,” मी म्हणाले.

“चोर हुशार आहे. या शांततेत कागद फाडला असता तर तुझे कान उभे राहिले असते. ब्लेड मारलं असतं तर खालच्या पानावर ओरखडा उठला असता. उसवायला वेळ लागतो, पण आवाज होत नाही.”

वेळ कुणालाही मिळाला असता. त्या उन्हाळ्यात दिवसाआड वीज जायची. पंखे थांबले की दालनाची भट्टी व्हायची आणि आम्ही सगळे व्हरांड्यात जाऊन सरकारला शिव्या घालत बसायचो. बाडं तर उघड्या फळ्यांवरच असतात. माझी हयगय म्हणा हवं तर, संचालकबाईंनी म्हटलंच.

“आता मला १९५० चा मार्च दे,” बाल्दोमेरो म्हणाला.

“माणूस एकोणपन्नासला मेला.”

“म्हणूनच मागतोय.”

मी बाड काढून दिलं. त्याने मार्चची पानं उलटली. अठरा मार्चच्या अंकाचा एक ताव नव्हता. तसेच उसवलेले टाके, तशीच गाठ. मग १९५१. तेही तसंच. १९५२. तसंच.

“वर्षाची चौकट,” तो म्हणाला. “पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं. चर्चमध्ये प्रार्थना आहे, मित्रमंडळींनी यावं. खाली पुन्हा तेच नाव, तेच गाव. चोराला हा रिवाज ठाऊक होता.”

“मग त्रेपन्नचंही गेलं असणार.”

त्रेपन्नचं बाड उघडलं. अठरा मार्चचा अंक पूर्ण होता, एकही टाका हललेला नव्हता. मी अधाशासारखी काळ्या चौकटींवरून बोट फिरवत गेले. रामिरो लोउसाओ त्यात नव्हता. चौपन्नमध्ये नव्हता, पंचावन्नमध्येही नाही. घरच्यांनी तीन वर्षं चौकट छापली आणि मग थांबवली होती.

“बिचाऱ्याचं नशीब,” मी म्हणाले. “चोराने त्रेपन्नला हात लावला नाही, आणि तिथे नेमकं काहीच नाही.”

बाल्दोमेरोने चिरूट या गालातून त्या गालात नेला.

“नशीब कुणाचं? जिथे होतं तेवढंच त्याने नेलं. ते तेवढंच होतं, हे त्याला कुणी सांगितलं?”

मारिसेल आमच्या मागे येऊन उभी होती हे आम्हाला कळलंच नाही. ती पांढरीफटक पडली होती.

“म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलंय हे,” ती म्हणाली. “माझ्यासाठी. मला अडवायला.”

३

गावात चोर म्हणून कुणाचं नाव घ्यायचं झालं तर आधी योस्बेलचं निघतं. हा चौकात जुनी मासिकं पर्यटकांना विकतो. बाल्दोमेरोने त्याला बोलावून समोर बसवलं.

“मागच्या वर्षी मासिकाची मुखपृष्ठं कुणी कापली होती, योस्बेल?”

“ते झालं, काका. पाय धरले नेलिदाताईंचे. संपलं.”

“पाय नाही धरलेस, माझ्या डोक्यावर बसलास,” मी म्हणाले.

“बरं, डोक्यावर. पण मला सांगा, मेलेल्या माणसाची चौकट घेऊन मी काय करू? माझं गिऱ्हाईक म्हणजे कॅनडाचे म्हातारे. त्यांना नाचणाऱ्या बाया हव्यात, लांबलचक मोटारी हव्यात. मरणाची आठवण त्यांना विकत नको असते, ती त्यांची त्यांना असते.” त्याने फळीकडे मान वेळावली. “त्या बाडाच्या शेजारी रंगीत साप्ताहिकांचा आख्खा गठ्ठा पडलाय. मला चोरीच करायची असती, तर तो आज इथे दिसला असता का?”

बेशरम होता, पण खोटं बोलत नव्हता. गठ्ठा जसाच्या तसा होता.

दुसरं नाव अर्सेनिओ बाकायाओचं. हा आमच्या गावाचा नेमलेला इतिहासकार. पासपोर्टवाल्यांची रांग लागल्यापासून पैसे घेऊन त्यांचे आजोबा शोधून द्यायचा. मारिसेलने त्याला विचारून मग स्वतःच शोधायचं ठरवलं, तेव्हा “बघू या किती दिवस शोधतेस” असं तो सगळ्यांदेखत म्हणाला होता. पान पळवून तेच तिला विकायचं, हे त्याच्याकडून मला अगदी शक्य वाटत होतं.

“माझ्यावर संशय?” अर्सेनिओच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “तीन पुस्तकं लिहिलीत मी या गावावर.”

“वाचलीत,” बाल्दोमेरो म्हणाला. “म्हणून तर विचारतोय.”

“अहो, मला लोउसाओचं गाव दडवायचंच असतं तर मी काळ्या चौकटींपासून सुरुवात केली असती? चौकटी बघतो तो नवखा. मी आधी संतांच्या दिवसाचं सदर बघतो. आज कोणाचा नामदिन, कोण घरी पाहुण्यांना बोलावणार, कोणाकडे काय खायला होतं. वरवर पोकळ गप्पा. पण माणसाचं सगळं कुळ त्यात सापडतं. त्या सदराला हात न लावता निधनाचीच पानं नेणारा माणूस—” त्याने हात झटकले. “त्याला या कामातलं काही कळत नाही.”

बाल्दोमेरो त्याच्याकडे पाहतच राहिला. मग एकदम प्रेमाने त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, “अर्सेनिओ, तुमच्या तिन्ही पुस्तकांत मिळून एवढं उपयोगाचं वाक्य नाही.”

अर्सेनिओ हे कौतुक की अपमान, याचा विचार करत निघून गेला.

वीज गेली. मारिसेल आणि मी व्हरांड्यात आलो. आम्पारो नेहमीसारखी आतच राहिली, तिला गुडघ्यांमुळे उठबस होत नाही. बाल्दोमेरोही आत राहिला आणि तिच्याजवळ जाऊन बसला. दार उघडं होतं. मला सगळं ऐकू येत होतं.

“कोणासाठी विणतेयस, आम्पारो?”

“कोणासाठी नाही. हाताला सवय. तू निवृत्त झालास ना रे? मग लोकांना छळणं सोड की.”

“मलाही हाताला सवय. वडील गेले तेव्हा तू केवढी होतीस?”

“तेरा वर्षांची.”

“पेपरात आलं होतं?”

“आलं असेल. मी रडत होते, पेपर वाचत नव्हते.”

“आणि मग दुकान?”

“दुकान काय! आईला कुठला व्यवहार जमतो? तीन वर्षांत बुडालं. शेवटी शेवटी चर्चमध्ये मेणबत्ती लावायचीही ऐपत उरली नव्हती. मग मी शिवायला लागले.” तिने थर्मासचं झाकण उघडलं. “कॉफी घेतोस? वाटाणे मिसळलेली रेशनचीच आहे, पण गरम आहे.”

बाल्दोमेरोने कॉफी घेतली. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता, आणि खुनी सापडला की त्याच्या चेहऱ्यावर येतं ते तेज त्यात अजिबात नव्हतं.

“उद्या लवकर ये,” तो मला हळूच म्हणाला. “अकरा मार्च हा संत रामिरोचा दिवस, म्हणजे लोउसाओचा नामदिन. तू आणि मी, दोघं मिळून सगळे अकरा मार्च वाचू.”

४

मला ते सदर कधीच आवडलं नाही. अमक्या श्रीमतींनी रेशमी पोशाखात केक कापला, तमक्यांच्या बागेत वाद्यवृंद होता. ही माणसं पियानो ऐकत होती तेव्हा माझी आजी त्यांचे कपडे धूत होती. पण वाचलं. एकेक वर्ष मागे जात गेलो. रामिरो लोउसाओ, खलाशांना सामान विकणारा धक्क्यावरचा दुकानदार, फार मोठा माणूस नव्हता. तरी बहुतेक वर्षी यादीच्या शेपटाला त्याचं नाव होतं. ‘आपले मित्र श्रीयुत रामिरो आज सायंकाळी स्नेह्यांचे स्वागत करतील.’ गाव कुठेच नाही. अशा मजकुरात गाव कशाला येईल?

मग १९३५.

बाल्दोमेरोने वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि बाड माझ्याकडे सरकवलं.

‘श्रीयुत रामिरो लोउसाओ आज आपल्या निवासस्थानी कोणाचे स्वागत करू शकणार नाहीत. त्यांच्या मातोश्रींचे, लुगो प्रांतातील बिलार दे कोउसो या त्यांच्या जन्मगावी निधन झाल्याची वार्ता गेल्या बोटीने आली असून घरात दुखवटा आहे.’

जुन्या क्यूबात दुखवटा असलेल्या घरी नामदिनाला पाहुणे घेत नसत, आणि कोणी उगाच येऊन दारातून परत जाऊ नये म्हणून पेपरातून तसं कळवत असत. त्या एवढ्याशा सौजन्यात गावाचं नाव पंचाहत्तर वर्षं टिकून राहिलं होतं.

मी आनंदाने टाळी वाजवली. “सुटलं कोडं. मारिसेलला फोन करते.”

“कोडं सुटलंय ते कालच,” बाल्दोमेरो म्हणाला. “हे सापडल्यावर फक्त खात्री झाली. चोराला १९४९ ते ५२ चं सगळं माहीत होतं, कुठल्या वर्षी चौकट थांबली तेसुद्धा. पण पस्तीस सालचं काहीच माहीत नव्हतं. पेपर वाचून चोरणाऱ्याची माहिती अशी नसते, नेलिदा. त्याला दोन्ही सापडतं किंवा दोन्ही निसटतं. हे कुणाच्या तरी आठवणीतून चोरलंय. आठवण जिथे सुरू होते तिथे चोरी सुरू होते.”

मी समजून न समजल्यासारखं केलं. उसवलेले टाके, ती नेटकी गाठ, खिडकीजवळची खुर्ची, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, तरीही मी मूर्खासारखं विचारलं, “मारिसेल?”

“तिला वर्षाची चौकट म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. तुझ्यासमोरच विचारलं होतं तिने.”

“मग सांगू नकोस कुणाला,” मी म्हणाले. “गाव मिळालं ना? गाव दे आणि गप्प बस. एकदा तरी.”

“तेच करणार आहे,” तो म्हणाला.

५

त्याने खरंच तसं करून पाहिलं. दोघी आल्या तेव्हा त्याने पस्तीसचं बाड मारिसेलपुढे उघडून ठेवलं. तिने दोनदा वाचलं, मग बाल्दोमेरोच्या गळ्यात पडून त्याचे दोन्ही गाल ओले केले.

“हे घे आणि जा,” तो म्हणाला. “आजच पत्र टाक. चोर सापडला नाही.”

“असं कसं? तुम्हाला सापडला नाही? तुम्हाला?”

“म्हातारा झालो.”

इथेच संपलं असतं. पण मारिसेलने आयुष्यभर लोकांकडून ‘तुझ्या नशिबात नाही’ एवढंच ऐकलं होतं. आता पहिल्यांदा त्या नशिबाला हात-पाय असल्याचं तिला कळलं होतं.

“नाही. मला नाव हवंय. माझं आयुष्य बंद करायला निघाला होता तो. अर्सेनिओ ना? मी त्याच्या दारात जाऊन थुंकते.”

“अर्सेनिओ नाही.”

“मग योस्बेल. आत्ता पोलिसांत जाते.”

“मारिसेल, बस खाली,” मी म्हणाले.

“पोरावर नको आळ घेऊस,” खिडकीतून आवाज आला. आम्पारोने विणकाम मांडीवर ठेवलं होतं. “मी नेलीत ती.”

मारिसेल हसली. मग आमच्या दोघांच्या तोंडांकडे पाहिलं आणि तिचं हसू ओठांवरच राहिलं.

“तू? गाव माहीत होतं तुला?”

“लहानपणापासून. बिलार दे कोउसो. बाबा झोपेतसुद्धा बडबडायचे.”

“मी इतके महिने... तू रोज माझ्या शेजारी बसून... कॉफी ओतत होतीस तू मला!”

“हो.”

“का?”

आम्पारोने बाल्दोमेरोकडे पाहिलं, जणू आता तूच सांग. पण त्याला कोणी केलं आणि कसं केलं एवढंच नेहमी कळतं.

“ओस्मेलने चौऱ्याण्णव साली तराफा बांधला,” ती म्हणाली. ओस्मेल तिचा मुलगा, मारिसेलचा धाकटा भाऊ. “सगळे समुद्रातून अमेरिकेला जात होते तेव्हा. माझ्याकडे आला, म्हणाला, आई, शिडाला कापड मिळालंय, तुझ्यासारखं कोणी शिवणार नाही. मी शिवलं. दुहेरी टाका घातला, वाऱ्याने फाटू नये म्हणून. मी माझ्या हाताने त्याला पाठवला. तराफा नंतर सापडला, मारिसेल. तुला सांगितलं नाही कधी. मला बघायला नेलं होतं. शिडाचा एकही टाका उसवला नव्हता. नुसता तो तेवढा त्याच्यावर नव्हता.”

आम्पारोने मांडीवरच्या विणकामावरून हात फिरवला.

“तेव्हा शिवलं, म्हणून या वेळी उसवलं,” ती म्हणाली. “मला वाटलं, एवढं तरी मला करता येईल.”

“मी तराफ्यावरून जात नव्हते, आई. विमानाने जात होते.”

“मला दोन्हीत फरक कुठे आहे? तू बुडणार नाहीस, पण माझ्यासाठी गेलीसच ना? मी मरेन, ठीक आहे. मरायला कोणी लागत नाही. दोन वर्षांनी थडगं रिकामं करायला उघडतील, तेव्हा माझी हाडं उचलायला कोण येईल? तुझ्या आजीची मी उचलली, तिच्या आईची तिने. कुणीतरी आपलं लागतं तिथे. ओस्मेलची तर समुद्राने दिलीच नाहीत.”

मारिसेल रडली नाही. तिने बाड बंद केलं, फार सांभाळून, आणि आईच्या समोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता मिठी मारेल. कथांमध्ये मारतात.

“माझ्याकडून एकदा मागून तरी बघायचंस,” ती म्हणाली. “नको जाऊस म्हणायचंस. तेवढंही नाही केलंस. चोरलंस.”

“म्हटलं असतं तर राहिली असतीस?”

मारिसेलने बराच वेळ विचार केला. ती प्रामाणिक बाई आहे, हा तिचा दोष.

“नाही,” ती म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आम्पारो चारही ताव घेऊन आली. ओस्मेलच्या शर्टात गुंडाळून ट्रंकेत ठेवले होते. जाळता आले नाहीत, म्हणाली, वडिलांचं नाव होतं त्यावर. मी सुई-दोरा दिला. तिने ते माझ्यासमोर जिथल्या तिथे शिवून टाकले, आणि संचालकबाईंना मी सांगितलं की पानं फळीमागे पडली होती.

६

मारिसेल पुढच्या वसंतात गेली. आईला बस अड्ड्यावर येऊ दिलं नाही, पण पैसे मात्र नेमाने पाठवायची. आम्पारो माझ्या खिडकीशी येऊन बसत राहिली. काही वाचायची नाही, नुसती बसायची. एका सकाळी आली नाही. आता आमच्या पेपरांत काळ्या चौकटी छापत नाहीत, त्यामुळे कोण गेलं हे शेजाऱ्याकडूनच कळतं.

दोन वर्षं झाल्यावर दफनभूमीतून थडगं उघडण्याचा निरोप आला. मी मारिसेलला फोन लावला. ती लुगोमध्ये एका म्हातारीची देखभाल करते. तिला आंघोळ घालते, भरवते, रात्री तिच्या खोलीत झोपते. सुट्टी मागितली होती, म्हणाली; पण म्हातारीचा मुलगा माद्रिदला असतो, त्याला यायला जमत नाही, आणि आजीबाईंना एकटं कसं ठेवणार? मग फोनवर फक्त पावसाचा आवाज येत राहिला.

बाल्दोमेरो आणि मी गेलो. मी हाडांना लावायची पावडर नेली होती आणि एक पांढरं कापड. थडग्यावरचा दगड बाजूला करून कामगाराने घाम पुसला आणि आमच्याकडे पाहिलं.

“घरचं कोण आहे? घरच्या माणसाने पुढे या.”

मी बाल्दोमेरोकडे पाहिलं. गावातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माहीत असलेला हा माणूस चिरूट हातात धरून जमिनीकडे बघत उभा होता.

“आहे,” मी म्हणाले, आणि पुढे होऊन कापड पसरलं.